पिशवीतले मासे

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

आमच्या रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी साफ करून नदीत सोडतात ना, त्याआधी ते एका काचेच्या टाकीतून जातं, आणि त्या टाकीत मासे ठेवलेत. मासे मजेत म्हणजे पाणी चांगलं, असं ते गणित. ती टाकी सांभाळायचा माझा मामा. त्यानंच मला तिथे चिकटवलं, राहतेही मी त्याच्याकडेच. तर त्या दिवशी तपासणीच्या बाई येणार होत्या. मामा त्यांना आणायला गेटवर निघाला आणि जाता जाता माझ्या हातात पिशवी दिली. प्लास्टिकची, पाण्यानं भरलेली, आत मासे वळवळतायत.

"टाकीतले काढ, हे सोड."

"का? त्यांना काय झालं?"

"वकिली नको गं आता, सोड."

जाऊन बघते तर टाकीतले सगळे पोट वर करून तरंगतायत. मामा रोज सगळ्यांच्या आधी कामावर का यायचा, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

मेलेले मी जाळीनं काढले, खरंच काढले. पिशवीची गाठही सोडली. पण पुढे हातच चालेना. हेही मरणार, उद्या नवी पिशवी येणार. आणि नदीतल्यांना तर बदलणारंही कुणी नाही.

तेवढ्यात बाई आल्याच. "टाकी रिकामी कशी?"

मामा हसला. "भाची नवीन आहे हो, साफसफाई चाललीये."

दोघं माझ्याकडे बघतायत. मामीची औषधं, घर, सगळं मामाच्या पगारावर, हे मला ठाऊक नाही का?

मी म्हटलं, "जुने मेले, बाई. हे सोडले तर हेही मरतील."

झालं. कारखान्याला टाळं, मामा घरी. कामावरचं कुणी माझा फोन उचलत नाही. मामी ताट वाढते, बोलत नाही. मी एकटीच नदीवर जाऊन बसते. पाणी रंगानं अजून लालच आहे, पण काठाकाठानं जरा फिकं झालंय, की मलाच तसं वाटतं, विचारायला शेजारी कुणी नसतं.

मासे माझ्या खोलीत, बादलीत. काल मामा दारात आला. म्हटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. तर नुसता बादलीकडे बघत राहिला. "पाणी बदलतेस ना?" एवढंच, आणि गेला.

आता तूच सांग, माझ्या जागी असतीस तर सोडले असतेस का ते टाकीत?