चारुशीलाबाईंची चौकट

प्रताप नगरातली वात्सल्य सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा पहिल्या वर्षात साइटवरून बरंच काही गेलं. सळाखी गेल्या, सिमेंटची पोती गेली, एकदा तर मिक्सरची मोटर गेली. चौकीदार गोविंदा मात्र कुठेही गेला नाही. तो फाटकापाशी खाटेवर असायचा, आणि चोर सभ्य असल्यामुळे त्यांनी त्याची झोप कधी मोडली नाही.

त्याच दिवसांत सोसायटीचे जुने रहिवासीही साइटवर मनाला येईल तेव्हा जात असत. त्यांना अडवायला एकच माणूस होता आणि तो खाटेवर होता. चारुशीला पांढरीपांडे तर भाड्याच्या घरून रोज संध्याकाळी चालत यायच्या आणि नव्या भिंतींवर बादलीने पाणी मारायच्या. पाणी मारायला बिल्डरची माणसं होती. पण आपल्या घराच्या भिंतीवर दुसऱ्याने मारलेल्या पाण्यावर नागपुरातली बाई विश्वास ठेवत नाही. गोविंदाची बायको प्रेमिला साइटवर रेती वाहायची. ती हसून म्हणायची, "काकू, कालच त मारलं पाणी. भिंतीले सर्दी होईन ना!"

चारुशीलाबाईंना भिंतींपेक्षा चौकटीची जास्त काळजी होती. जुन्या घरात त्या सून म्हणून आल्या तेव्हा दाराची चौकट सासूबाईंनी पुजलेली होती आणि सासूबाई ते विसरू देत नसत. "ही माझी चौकट आहे" हे वाक्य त्यांनी सुनेच्या माहेरची माणसं आली की हमखास म्हटलं. चौकट उभी करताना घरच्या बाईने तिला हळदकुंकू लावायचं, वरच्या लाकडाला पिवळ्या फडक्यात सुपारी बांधायची, मिस्त्रीला दुपट्टा-नारळ द्यायचा. एवढंच काम. पण ते एकदाच होतं आणि जी करते तिचं घर होतं. बाकीच्या मग त्या घरात राहतात.

"या वेळी चौकट माझी," चारुशीलाबाईंनी इमारत पाडायच्या आधीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

"तुझीच," केशवराव म्हणाले होते. ते सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेले, सोसायटीचे सचिव. कबूल केलेली गोष्ट ते सहसा विसरत नसत.

मोटर गेली तेव्हा केशवरावांनी सभा बोलावली. बिल्डरकडून उन्मेष नावाचा तरुण आला. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली: चारही बाजूंनी कॅमेरे, माणूस आणि कुत्रा यांतला फरक ओळखणारे. हेल्मेट घातलं नाही तर बोलणारा भोंगा. फाटकाच्या जागी फिरता दांडा, जो चेहरा पाहून उघडतो. सगळ्यावर पुण्यातल्या एका खोलीतून नजर.

केशवराव उभे राहिले. त्यांची आयुष्यभराची तक्रार एकच होती, की या देशात नियम असतात पण ओळख निघते.

"ओळखीचा आहे म्हणून कुणाला आत सोडणार नाही ना?"

"सर, सिस्टीमला ओळख नसते. मॅच असतो नाहीतर नसतो."

"आणि वरून फोन आला तर? उघडायची काही चोरवाट ठेवली असेलच तुम्ही."

"ऑफिसला एक ओव्हरराइड असतं सर."

"तेही काढा," केशवराव म्हणाले. "आणि एकच माणूस पुन्हापुन्हा प्रयत्न करत असेल तर? बँकेच्या कार्डाला असतं तसं करा. तीनदा चुकलं की तासभर बंद."

टाळ्या पडल्या. उन्मेषने ते लिहून घेतलं. चारुशीलाबाई मागे चिवड्याच्या बश्या भरत होत्या. त्यांनी विचारलं, "अन् चौकटीच्या दिवशी कसं करायचं?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू," केशवराव म्हणाले. लोक हसले, कारण बायकांचं आपलं काहीतरी असतंच.

यंत्रणा लागली आणि चोरी थांबली. हे मान्य करायलाच हवं. सळाख गेली नाही, पोतं गेलं नाही. एक बकरी शिरली तर भोंगा तिला हिंदीतून म्हणाला, "आप कैमरे की निगरानी में हैं," आणि ती निघून गेली. गोविंदाची खाट काढून त्याला खुर्ची दिली आणि हातात एक टॅब दिला, ज्यात सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसत आणि तिथलं बोलणं ऐकू येई. बोलायचं बटण दाबलं की मजल्यावरच्या भोंग्यातून आवाज निघे. गोविंदा आता झोपत नसे. डोळे मिटले की टॅब ओरडायचा. चारुशीलाबाईंचं पाणी मारणंही थांबलं. पहिल्या संध्याकाळी त्या बादली घेऊन आल्या, दांड्यासमोर उभ्या राहिल्या, आणि परत गेल्या. केशवराव म्हणाले, "बघ, कसं काम करतं."

चौकटींचा दिवस ठरला. केशवरावांनी रीतसर अर्ज केला. चारुशीलाबाईंचा फोटो काढून यंत्रात घातला गेला, परवानगी आली, हेल्मेट आणि बूट मिळाले. सगळं नियमात बसलं. केशवरावांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

सकाळी चारुशीलाबाई नऊवारी नेसून, नथ घालून, गजरा माळून, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पायात काळे बूट अशा आल्या. हातात पूजेचं ताट. दांड्यासमोर उभ्या राहिल्या.

"चेहरा पहचाना नहीं गया," यंत्र म्हणालं.

"नथीमुळे असेल," केशवराव म्हणाले. "काढ."

त्यांनी नथ काढली. घाईत ओढली गेल्याने डोळ्यांत पाणी आलं. यंत्राला तोही चेहरा पटला नाही.

"फोटोत तू हसत होतीस," केशवरावांना आठवलं. "हस जरा."

"आता कुठून आणू हो हसू?"

"अगं, घटकाभर!"

त्या हसल्या. गोविंदाने नंतर बायकोला सांगितलं की तसं हसणं त्याने कधी पाहिलं नव्हतं. यंत्रानेही पाहिलं नसावं. लाल दिवा लागला आणि एक बारीक शिट्टी वाजली. त्या चेहऱ्याला दांडा तासभर बंद.

"काहून रे गोविंदा, हाताने नाही का उघडत हे?"

"उघडते ना काकू. पण मंग तिकडं पुण्याले घंटी वाजते, अन् माह्यी नोकरी जाते. मांगं माह्या बदलीवाल्यानं उघडलं, त्याची गेली तशीच." त्याने खाली पाहिलं. "मी तं तुमाले चांगला ओळखतो. पण मले इचारतेच कोन?"

"नको रे बाबा. राहू दे."

केशवरावांनी उन्मेषला फोन लावला.

"सर, ओव्हरराइड नाहीये. तुम्हीच काढायला सांगितलं होतं ना," उन्मेष म्हणाला. त्याच्या आवाजात खोच नव्हती. तो खरोखर आठवण करून देत होता. "आणि सर, आज बाहेरून क्रू आलाय. अकराच्या आत चौथ्या मजल्याच्या सगळ्या चौकटी बसतील. मला थांबवता नाही येणार."

मुहूर्त सरायला आला होता. तेवढ्यात प्रेमिला रेतीचं घमेलं घेऊन आली. चेहऱ्यावर सिमेंटचा थर, डोक्याला फडकं, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. यंत्राने तिला तात्काळ ओळखलं आणि दांडा फिरला.

चारुशीलाबाईंनी हाक मारली. "प्रेमिला, थांब वं. एवढं वर नेतेस का? तूच लाव माझ्याकडून."

प्रेमिलाने ताटाकडे पाहिलं. "आमी बौद्ध, काकू. आमच्यात चौकट नाई पुजत. पण सांगा कसं लावाचं, लावून देतो. त्यात काय हाय?"

दांड्यावरून ताट गेलं. चारुशीलाबाई टॅबसमोर बसल्या. गोविंदाने आपली खुर्ची त्यांना दिली. टॅबवर चौथ्या मजल्याचा पॅसेज दिसू लागला. चित्र इतकं स्वच्छ की मिस्त्रीच्या कानामागची बिडी दिसत होती. पॅसेजच्या दोन बाजूंना दोन चौकटी समोरासमोर उभ्या, दोन्ही कोऱ्या लाकडाच्या, सारख्या. दारांवर नंबर अजून पडले नव्हते. एकीजवळ पाण्याचा निळा ड्रम होता. प्रेमिला ताट घेऊन चित्रात आली.

मिस्त्रीचं नाव अंकुश. त्याने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "कोन्ती तुमची, साहेब?"

"जिन्यातून आलं की उजवीकडची," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"थांब, मी सांगतो. त्याला घोळ नको." केशवरावांनी टॅब स्वतःकडे ओढला आणि बटण दाबलं. त्यांना नकाशा तोंडपाठ होता. पडद्यावर उजवीकडे त्यांनी बोट ठेवलं. "ही. ड्रमजवळची."

"ड्रमजवळची? पक्कं?"

"पक्कं."

"नक्की ना हो?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"माझ्यावर तरी विश्वास ठेव."

मग चारुशीलाबाई सांगत गेल्या आणि वर प्रेमिला करत गेली. "आधी हळद. बोटाने. खालून नको वं, वरून. आता कुंकू. पाच ठिकाणी. हां. दुसऱ्या बाजूलापण." प्रेमिला कामाच्या सवयीने भरभरून लावत होती. घमेली भरणारा हात तो. "लय झालं का, काकू?" "असू दे. असू दे." अंकुशने वर सुपारी बांधली, दुपट्टा गळ्यात टाकला, नारळ फोडला. धूर ओळखणारा कॅमेरा उदबत्तीवर एकदा खेकसला, तेवढंच.

"झालं," केशवराव म्हणाले. "बघ, घरबसल्या झालं."

चारुशीलाबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी पदराने टॅबवरची धूळ पुसली आणि नथ पर्समध्ये टाकली. घरी जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "प्रेमिलाने वरच्या लाकडालापण लावलं ना हो? मला नीट दिसलं नाही." केशवरावांनी लावलं म्हणून सांगितलं.

ताबा मिळाला तेव्हा उन्हाळा होता. लिफ्ट अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे दोघं जिन्याने चढले. चौथ्या मजल्यावर पोचून चारुशीलाबाई उजवीकडे वळल्या. चौकट पॉलिश केलेली, चकचकीत, स्वच्छ. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. वर, खाली, दुसऱ्या बाजूला.

"पॉलिशवाल्याने घासून काढलं असेल," केशवराव म्हणाले.

समोरच्या दारात करिष्मा उभी होती, नवीन शेजारीण, बँकेत नोकरीला. "काकू, तुमच्याकडे पॉलिश एकदम क्लीन झालं हो! आमच्याकडे पाहा ना काय डाग पाडून ठेवलेत. पिवळे पिवळे, लाल लाल. त्याने वरूनच मारून टाकलं."

चारुशीलाबाई पॅसेज ओलांडून गेल्या. हळद पॉलिशखाली जास्तच उठून दिसत होती. पाच ठिकाणी, दोन्ही बाजूंना, भरभरून. वरच्या लाकडालाही होती.

केशवरावांनी वळून पॅसेजच्या टोकाला पाहिलं. कॅमेरा तिथे होता, जिन्याकडे तोंड करून. जिन्यातून येणाऱ्याच्या उजवीकडे जे असतं ते त्याला डावीकडे दिसत होतं. त्यांनी हाताने एकदा हवेत दिशा करून पाहिली, मग दुसऱ्यांदा, आणि हात खाली घेतला.

"चारू," ते म्हणाले.

"थिनरने जाईल का हो काकू?" करिष्माने विचारलं.

चारुशीलाबाईंनी त्या लाकडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. करिष्माला वाटलं, त्या डागाचा अंदाज घेताहेत.

"जाईल," त्या म्हणाल्या. "जरा घासावं लागेल."

"आपण आपल्याला आता लावून घेऊ ना," केशवराव हळू आवाजात म्हणाले. "आणलंय ना कुंकू? काय हरकत आहे?"

"आता दार लागलंय, अहो," चारुशीलाबाई म्हणाल्या, आणि किल्ली काढली.

आत जाऊन त्यांनी नव्या ओट्यावर दूध ठेवलं, ते उतू जाऊ द्यायचं असतं म्हणून. केशवराव स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. समोरून फडक्याचा आवाज येत होता, एका लयीत. मध्येच थांबायचा, थिनर ओतल्याचा वास यायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. दूध उतू गेलं तरी तो थांबला नव्हता.