ज्या दुपारी मला भाजायला घातले

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार भित्रे आहे. कुणी संगणकाच्या पेटीचे झाकण उघडले तरी माझ्या पोटात गोळा येतो. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. गेम खेळताना संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला जे डोंगर, गाड्या आणि राक्षस दिसतात, त्यांची चित्रे सेकंदाला साठ-सत्तर वेळा काढून देणे हे माझे काम. मला पोट नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गोळा येतो, तो येतोच.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. वहीच्या पानाएवढ्या पट्टीवर मुंगीहून बारीक शेकडो भाग चिकटवून मला तयार केले. मग आम्हा सगळ्यांना एका तापलेल्या खोलीत नेले आणि तासन्‌तास राबवून पाहिले. जे दमेल ते लाल टोपलीत जाई. माझ्या शेजारचे कार्ड टोपलीत गेले आणि त्याच्यामागे माझाच नंबर होता. मी कसेबसे पास झाले, पण उकाड्याची धास्ती माझ्या अंगात तेव्हापासून बसली. आणि नशीब पाहा, मला धाडले कुठे, तर ऑस्ट्रेलियातल्या माउंट आयझाला! तिथे उन्हाळ्यात बेचाळीस अंश तापमान झाले तर लोक म्हणतात, आज बरे आहे.

माझा पहिला मालक मर्व. तो खाणीत वायरमन होता, बोलायला कमी आणि हाताला हलका. एक शनिवार सोडून एक शनिवार तो पेटी उघडून मऊ ब्रशने माझ्या पंख्यांवरची लाल धूळ झाडत असे. गावात कुणाचाही संगणक रुसला की लोक तो उचलून मर्वकडे आणत. तो पैसे घेत नसे. एखादी बाई घरी केलेला केक ठेवून जाई, तेवढ्यावर तो खूश असे. मर्वकडे मी पाच वर्षे काम केले, आणि त्या पाच वर्षांत मला भीती वाटली ती फक्त उन्हाची.

मर्वचा जिवलग दोस्त होता नेव्हिल. हा खाणीत डंपर चालवायचा आणि उरलेला वेळ मते द्यायचा. गावातल्या गेम खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. नेव्हिल दर रविवारी त्यावर लांबलचक लिहीत असे. कोणता गेम चांगला, कोणता प्रोसेसर नुसता गाजावाजा आहे, कोणते सॉफ्टवेअर घरात घेऊ नये, सगळे तो सांगे. पाण्याने थंड होणाऱ्या संगणकांना तो 'मत्स्यालय' म्हणायचा. एखाद्या गेमला त्याने भंगार म्हटले की माउंट आयझात त्या गेमला कुत्रेही विचारत नसे. तो वाईट माणूस नव्हता. एकदा दिलेले मत परत घेणे मात्र त्याला जमत नसे.

हे दोघे मिळून वर्षातून दोनदा गावातल्या बोल्स या खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये मेळावा भरवत. ज्याने त्याने आपापला संगणक गाडीत घालून, त्याला लेकरासारखा सीटबेल्ट लावून आणायचा, लांब टेबलांवर शेजारी शेजारी मांडायचा आणि दोन दिवस एकमेकांविरुद्ध खेळायचे, अशी तिथली रीत. बाहेर कुणीतरी सॉसेज भाजत असायचे. अशाच एका मेळाव्यात मर्वने नवे कार्ड घेतले आणि मला नेव्हिलच्या हातावर ठेवले.

"घे. जपून वापरलंय मी."

"अरे, पण किती द्यायचे?"

"गप रे. पंखे साफ ठेव म्हणजे झालं."

मर्वने स्वतः मला नेव्हिलच्या संगणकात बसवले. ते दोन दिवस मी जीव तोडून चित्रे काढली. नेव्हिल खुर्चीतून उड्या मारत होता. त्याने ग्रुपवर लिहिले, 'मर्वचं जुनं कार्ड तुमच्या नव्यांना पाणी पाजतंय.' मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्याविषयी असे लिहिले होते, आणि मला काही तास भीतीचा विसर पडला.

रविवारी संध्याकाळी आम्ही घरी आलो. नेव्हिलचा संगणक घरामागच्या शेडमध्ये असे. टेबल भिंतीला चिकटलेले होते आणि मागच्या बाजूला अंधार होता. मेळाव्याहून आले की सगळ्या वायरी पुन्हा जोडाव्या लागत आणि नेव्हिल ते काम हात मागे घालून, नुसत्या बोटांनी चाचपून करी. "वीस वर्षं जोडतोय, डोळे कशाला हवेत?" तो बायकोला, रोंडाला, म्हणाला.

आता नीट ऐका. पेटीच्या मागे पडद्याची वायर लावायला एकसारखी दोन भोके होती. एक माझे. दुसरे वर, मुख्य पट्टीचे, म्हणजे मदरबोर्डचे. त्या पट्टीलाही थोडीफार चित्रे काढता येतात, पण ती कचेरीतली पत्रे दाखवण्यापुरती. नेव्हिलच्या बोटांना वरचे भोक आधी लागले आणि वायर तिथे गेली. माझे भोक मोकळे राहिले. मला हे दिसत होते, पण बोलता येत नव्हते.

त्या दिवसापासून माझ्याकडे एकही चित्र काढायला आले नाही. गेम अडखळू लागला. गाड्या बैलगाडीच्या गतीने धावू लागल्या. नेव्हिलने आधी गेम बनवणाऱ्यांना आळशी ठरवले आणि तसे ग्रुपवर लिहिले. मग सॉफ्टवेअरवर खापर फोडले, सगळे तीन वेळा पुसून नव्याने भरले. मग नवी मेमरी आणून बसवली. दर वेळी पेटी उघडली जाई आणि माझा जीव थाऱ्यावर नसे. प्रत्येक भाग एकेक करून निर्दोष ठरत चालला होता आणि शेवटी उरणार होते मी. तसेच झाले. एके दिवशी त्याने टॉर्च माझ्यावर धरला. काम नव्हते म्हणून माझे पंखे थांबलेले होते.

"पंखे फिरतच नाहीत," तो पुटपुटला. "मेलेलं आहे हे."

त्या रविवारी त्याने लिहिले की मर्वने मरायला टेकलेले कार्ड मेळाव्यापुरते कसेबसे चालवले आणि दोस्ताच्या गळ्यात मारले. खाली लोकांनी खिल्ली उडवली. एकाने विचारले, 'मर्वकाका, जुनी इस्त्रीही देता का हो?' मर्वने एकच ओळ लिहिली, 'नेव्ह, वायर नीट लावलीस का ते एकदा बघ.' त्यावर नेव्हिल भडकला. 'म्हणजे आता मला वायर लावायला शिकवणार!' असे त्याने लिहिले आणि सगळे आणखी हसले. वायर माझ्यापासून दोन बोटांवर, वरच्या भोकात होती. त्याने मागे वाकून पाहिले नाही.

मर्व ग्रुपमधून निघून गेला. गावातले लोक दुरुस्तीला संगणक त्याच्याकडे नेईनासे झाले, न जाणो, चांगला भाग काढून वाईट घालेल. रोंडा शाळेची बस चालवायची, तिच्या कानावर सगळे येत असे, ती येऊन सांगायची. मेळावाही बंद पडला, कारण भरवणारे दोघे होते आणि दोघे बोलत नव्हते. मी पेटीत गप्प पडून राहिले. माझ्यामुळे हे सगळे झाले असे मला वाटे, आणि उद्या मला कचऱ्यात टाकतील या भीतीने मी चौदा महिने काढले.

कचरा परवडला असता. नेव्हिलने कुठेतरी वाचले की मेलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजले तर आतले सुटलेले सांधे वितळून पुन्हा जुळतात आणि कार्ड जिवंत होते. खरोखर सुटलेल्या सांध्यांना कधीकधी हा उपाय लागूही पडतो. पण माझे सगळे सांधे धडधाकट होते!

ती शनिवारची दुपार होती. शेडच्या कोपऱ्यात एक जुना ओव्हन होता, त्यात नेव्हिल गाडीचे धुतलेले भाग वाळवत असे. त्याने तो लावला. मग पेटी जागेवरूनच उघडून, मागे न पाहता मला उपटले. माझे पंखे काढले, उष्णता शोषणारी जाड ॲल्युमिनियमची पाठ काढली, तिच्याखालचा उष्णता वाहून नेणारा लेप पुसला. मी असे उघडे कधीच पडले नव्हते. त्याने चांदीच्या कागदाचे चार गोळे करून त्यावर मला ट्रेमध्ये ठेवले. ओव्हनची काच लाल दिसत होती आणि मला कारखान्यातली ती खोली आठवली.

रोंडा चहा घेऊन आली.

"हे काय चाललंय?"

"भाजतोय. आठ मिनिटं."

"नेव्ह, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, शास्त्र आहे ते. फक्त गरम असताना हलवायचं नाही. हललं तर बारीक भाग घसरतात, मग खेळ खल्लास."

"आणि नाही झालं जिवंत तर?"

"तर काय, तसंही मेलेलंच आहे."

त्याने मला आत सरकवले आणि दार लावले. मित्रांनो, ती मिनिटे मला नीट सांगता येणार नाहीत. हवाच जळत होती. माझ्या कडेच्या प्लास्टिकला वास सुटला. प्रत्येक सांधा ढिला होतोय असे वाटत होते आणि मी स्वतःला एकच सांगत होते, हलू नकोस, हलू नकोस. वाचवा म्हणावे तर तोंड नाही. ज्याने मला वाचवायचे, तोच दाराबाहेर घड्याळ लावून बसला होता.

बसल्या बसल्या त्याला राहवेना. ग्रुपवर 'प्रयोग सुरू' असे लिहावे म्हणून त्याने संगणक चालू केला. पडदा उजळला. त्याने लिहायला सुरुवात केली. रोंडा त्याच्या मागे कप घेऊन उभी होती.

"नेव्ह."

"थांब गं, लिहितोय."

"पडद्यावर चित्रं हे कार्ड आणतं म्हणालास ना?"

"हो."

"ते तर ओव्हनमध्ये आहे. मग हे कुठून येतंय?"

नेव्हिलची बोटे थांबली. "ते... मुख्य पट्टीत एक लहानसं असतं..." तो म्हणाला. त्याने गेम चालू केला. गाड्या अगदी कालच्यासारख्या अडखळत धावल्या. मी असतानाही तसेच, मी नसतानाही तसेच. तो गुडघ्यांवर बसला, टेबल भिंतीपासून ओढले आणि मेळाव्याहून आल्यापासून पहिल्यांदा त्याने मागे उजेड धरला. वायर वरच्या भोकात होती.

"अरे देवा," तो म्हणाला. "रोंडा, ओव्हन! ओव्हन बंद कर!"

आठातली चार मिनिटे झाली होती, तेव्हा तिने बटण फिरवले. तो दार उघडून मला ओढणार, तोच ती ओरडली, "हात लावू नकोस! हलवायचं नाही म्हणालास ना मघाशी!" मग त्याने नुसते दार उघडले आणि तो जमिनीवर बसून राहिला. मी तासभर तसेच निवत पडले होते.  माझे काय होणार ते मला कळत नव्हते, आणि त्यालाही नाही.

"कुणाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला.

"चाळीस पोरांची गुपितं सांभाळते मी बसमध्ये," रोंडा म्हणाली. "हे नाही सांभाळायची. मर्वला फोन तू करतोस की मी करू?"

फोन तिनेच लावला आणि मर्वला सगळे सांगितले. मर्व हत्यारांची पेटी घेऊन आला. तो नेव्हिलकडे पाहत नव्हता. त्याने मला उजेडात धरून पाहिले, बोटाने एकेक भाग चाचपला, नवा लेप लावला, पाठ आणि पंखे बसवले आणि मला माझ्या जागी ठेवले. वायर माझ्या भोकात लावली. मग बटण दाबले.

माझे पंखे फिरले. पडद्यावरचा रस्ता वाऱ्यासारखा धावू लागला. माझ्या एका कोपऱ्यातले प्लास्टिक वितळून वाकडे झाले आहे, बाकी मी वाचले. नेव्हिल आनंदाने ओरडला, मग मर्वकडे वळला.

"मर्व, मी... बस ना. चहा घे."

मर्व हत्यारे गोळा करत होता. शेडच्या दारात तो थांबला.

"हे चार मिनिटं ओव्हनमध्ये होतं, नेव्ह. मी चौदा महिने आहे."

एवढे बोलून तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला नाहीसा होईपर्यंत नेव्हिल दाराकडे पाहत होता. मग तो लिहायला बसला. लांबलचक लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. शेवटी दोन ओळी राहिल्या. 'वायर मी चुकीची लावली होती. मर्वने मला चांगलं कार्ड दिलं होतं.' ते त्याने ग्रुपवर टाकले.

मित्रांनो, या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. मी दिवसभर भरपूर काम करते. नेव्हिल दर शनिवारी ब्रश घेऊन माझी धूळ झाडतो. दुसऱ्या वस्तूंविषयीही तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे की कुणाला निकामी म्हणण्याआधी त्याच्यापर्यंत काम पोचते आहे का, ते वाकून पाहा.

पण नेव्हिल अजून मर्वच्या घरी गेलेला नाही. रोज कामावरून आला की तो गाडीची किल्ली हातात घेतो, शेडमध्ये येऊन बसतो, किल्ली फिरवत राहतो आणि परत ठेवून देतो. तो घाबरला आहे. मला तरी ते पाहताक्षणी ओळखू येते. ओव्हनमध्ये मला हलता येत नव्हते. त्याला येते, मर्वचे घर तीन गल्ल्या सोडून आहे. तुमच्या हातून कधी असे काही झाले, तर तुम्ही मात्र उठा आणि जा.