एका दमात

पन्नाशीपर्यंत लॅम्बर्ट पास्कोने एकसष्ट गाणी रचली, आणि त्यातल्या बहुतेकांत कुणीतरी ऐन तारुण्यात मरायचं. "तिसऱ्या कडव्यापुढे जगलंय का रे कुणी तुझ्याकडे?" चहा ओतता ओतता त्याची थोरली बहीण हेस्टर विचारायची. इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधल्या त्या घरात दोघंच राहत.

त्या वर्षी सफरचंदं उतरवून झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये त्याचं नवं गाणं व्हायचं ठरलं. पियानोवर तो स्वतः, गायला गुरांचे डॉक्टर ऑस्वल्ड ट्रँटर. आवाज असा, की अडलेली गायसुद्धा शांत व्हावी. पण शेवटची ओळ लॅम्बर्टने भलतीच लांब बांधली होती. ट्रँटर दर वेळी तिच्या मध्यावरच्या 'नदी' या शब्दापाशी दम घ्यायचे.

"तिथे थांबायचं नाही!" लॅम्बर्ट तालमीत कडाडला. "नदी थांबते का कधी?"

"नदीला फुप्फुसं नसतात, पास्को." ट्रँटरनी कपाळ पुसलं. "तुम्हीच दाखवा बरं गाऊन."

लॅम्बर्टने आपलं एकही गाणं कधी कुणासमोर गायलं नव्हतं. पण हेस्टर विणकाम बाजूला ठेवून टक लावून बसलेली. माघार घेणार कशी? तो उठला, छाती भरून घेतली आणि सुरू झाला. नदीपर्यंत कसाबसा पोचला. पुढे आवाजाची शिट्टी झाली, चेहरा बीटासारखा लाल झाला आणि स्वारी धपकन स्टुलावर बसली.

"अगंबाई! यात तर रचणाराच मरतोय," हेस्टर म्हणाली.

दोन दिवस तो घुम्यासारखा बागेत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने नदीपुढे श्वासापुरती जागा सोडली आणि तिथे पियानोचे दोन हळुवार सूर ठेवले.

कार्यक्रमात ट्रँटर तिथे थांबले, ते दोन सूर वाजले, आणि प्रत्येक गाण्यात हटकून खोकणाऱ्या पोस्टातल्या मिसेस गमरींनीही खोकला आवरला.

"ती जागा कशी हो सुचली तुम्हाला?" पाद्रीबाईंनी डोळे टिपत विचारलं.

काहीतरी भारदस्त बोलायला लॅम्बर्टने तोंड उघडलं. शेजारी हेस्टर उभी होती.

"डॉक्टरांना दम लागत होता," तो म्हणाला.

"किती हा विनय!" पाद्रीबाई गहिवरल्या.

घरी जाताना हेस्टर त्याचा दंड धरून चिखल चुकवत चालत होती. "चांगलं झालं रे गाणं," ती म्हणाली. मागोमाग टोमणा येईल म्हणून लॅम्बर्ट फाटकापर्यंत वाट बघत राहिला. तो काही आला नाही.