तीन तारांतला रंग

"ह्यात रंग कुठाय?" दौलतने तिसऱ्यांदा विचारलं.

टीव्हीवर चार चौकोन दिसत होते, चारही राखाडी. अनुजाने लॅपटॉपवर काहीतरी बदललं, छोट्या बोर्डाची वायर काढून पुन्हा लावली. चौकोन जरासे थरथरले आणि राखाडीच राहिले.

"यायला पाहिजे, बाबा. प्रोग्रॅम बरोबर आहे."

"पण येणार कुठून? रंगीत टीव्हीत केवढं सर्किट असतं! पस्तीस वर्षं उघडतोय मी. आणि तू म्हणतेस ही नखाएवढी चिप आणि तीन तारा?"

"चिप तारा नुसत्या चालू-बंद करते रे. खूप वेगात. त्याचीच लाट होते. लाट जरा मागेपुढे सरकवली की रंग बदलतो."

दौलतने मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. चिंचपोकळीत त्याचं दुकान होतं, तेव्हा लालबागपर्यंतच्या चाळींतले टीव्ही त्याच्या हाताखालून जायचे. सपाट टीव्ही आले आणि दुकान बंद झालं. घरातला हा जुना टीव्ही तेवढा राहिला, बायकोला, शेवंतीला, त्याची सवय म्हणून.

शेवंती खाटेवर उशीला टेकून दोघांकडे बघत होती. मे महिन्यात तिला झटका आला. उजवा हात गेला, शब्दही गेले. पाणी म्हणायला जायची आणि तोंडातून "परवा" निघायचं, मग स्वतःच दचकायची. अक्षरं लागत नव्हती, मोबाइलवरची चित्रं बोटाखालून भलतीकडे सरकायची. रंग मात्र ओळखायची. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत असलेल्या लेकीने ही चार मोठी बटणं पडद्यावरच्या चौकोनांसारखीच मांडून टीव्हीला जोडली होती. दाबेल तो चौकोन टीव्हीभर पसरणार: निळा पाण्याचा, लाल औषधाचा, हिरवा पंख्याचा, पिवळा जेवणाचा. पण चारही राखाडीच असले तर तिने ओळखायचं कशावरून?

"चिपला वेग देणारा क्रिस्टल कितीचा आहे?" दौलतने अचानक विचारलं.

"सोळा मेगाहर्ट्झचा. बोर्डावर तोच येतो."

"मग कसा येणार? टीव्हीला रंगाची लाट बरोब्बर चार पॉइंट चार तीनची लागते. जरा हुकली की तो रंगच तोडतो."

"मला वाटलं, फिका तरी दिसेल," अनुजा म्हणाली. आता गोंधळायची पाळी तिची होती.

दौलतने माळ्यावरून डबा काढला, एका जुन्या बोर्डावरचा चकचकीत क्रिस्टल उपटला. "हा चार पॉइंट चार तीनच्या दुप्पट आहे. चालेल?"

"चालेल. चिप आतल्या आत वाढवून घेईल." तिने आकडे बदलले, त्याने क्रिस्टल डाग देऊन बोर्डावर बसवला. टीव्ही लावला. पडदा क्षणभर काळा झाला, मग वरचा डावा चौकोन निळा झाला. मग लाल, हिरवा, पिवळा.

"आला!" दौलत म्हणाला. "पण तीन तारांतून चार रंग आले कसे गो?"

अनुजाने हसत बटणं आईच्या मांडीवर ठेवली. शेवंतीने डाव्या हाताने निळ्या चौकोनाचं बटण दाबलं. पडदा निळा झाला. अनुजा धावत पेला भरून घेऊन आली, आईच्या ओठांशी धरला. शेवंतीने तोंड फिरवलं.

"नको? मग काय हवंय, आई?"

तिने पुन्हा निळंच दाबलं. अनुजाने पेला पुढे केला, तिने पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा निळं.

"हिला रंगही कळेना झाले बहुतेक," दौलत हळूच म्हणाला. अनुजाचा चेहरा उतरला.

शेवंतीने लेकीच्या हातावर चापट मारली. मग डाव्या हाताने पेला घेतला. तो हिंदकळला, थोडं पाणी चादरीवर सांडलं. तिने तो घामाने चिंब झालेल्या दौलतपुढे धरला.

"परवा," ती म्हणाली. या वेळी दचकली नाही.

दौलतने दोन्ही हातांनी पेला घेतला आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायला.