पुसलेली खूण

गेर्मान लाप्शिन एकोणतिसाव्या वर्षी टेनिसमध्ये जगात आठशे चौऱ्याहत्तरावा होता. पेन्झाच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरला तर सोमवारपासून त्याने खेळणं थांबवून क्लबच्या मुलांना शिकवायचं, असं झिनाइदा पाव्लोव्हनाने ठरवून टाकलं होतं. तो सहा वर्षांचा असल्यापासून तीच त्याची प्रशिक्षक होती आणि क्लबही तिच्याच हातात होता.

"अजून एक वर्ष द्या," सकाळी तो म्हणाला होता.

"चार वर्षं हेच ऐकतेय, गेरा. जिंकून ये, मग बोल."

समोर सावेली होता. दोघं एकाच वर्गात टेनिस शिकलेले. आदल्या दिवशी सावेली गेर्मानच्या आईने केलेले मांस भरलेले पेल्मेनी तीन वेळा वाढून घेत होता.

तिसऱ्या सेटचा टायब्रेक, सहा-पाच. गेर्मानला एकच गुण हवा होता. सावेलीचा फटका मागच्या रेषेपलीकडे लाल मातीत पडला.

"आउट," पंच म्हणाले.

गेर्मानने मातीत उमटलेली बॉलची खूण बुटाने पुसली आणि तो हात मिळवायला जाळीकडे निघाला. ही सवय झिनाइदा पाव्लोव्हनानेच लावलेली. गुण संपला की खूण पुसायची, म्हणजे तो डोक्यातूनही जातो.

सावेली जागचा हलला नव्हता. खुणेवरून गेर्मानचा बूट फिरेपर्यंत तो थांबला होता; आता त्याने रॅकेट वर केली. "खूण तपासा."

पंच खाली उतरले. मातीत बुटाचा फराटा तेवढा होता.

"तुम्ही खूण पुसलीत. नियमाने बॉल आत धरावा लागतो. गुण त्यांचा."

"तुम्हीच आउट दिलात ना?"

"दिला. मला बाहेरच दिसला. पण आता तपासू काय?"

गेर्मान सावेलीकडे वळला. "सावा, चार बोटं बाहेर होता."

"पाच," सावेली हळूच म्हणाला. "तू पुसणार हे ठाऊक होतं. लहानपणी रांगेत तुझ्या मागेच असायचो मी. चल, सहा-सहा."

पुढचे दोन्ही फटके गेर्मानने जाळीत मारले.

झिनाइदा पाव्लोव्हना बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

"बॉल बाहेर होता," तो म्हणाला.

"दिसला मला. सोमवारी नऊला ये. बारा पोरं आहेत. पहिल्या दिवशी खूण पुसायला शिकव, त्यात तुझा हात धरणारा कोणी नाही."

त्यांच्या क्लबच्या रिवाजाने हरलेल्याने कोर्ट झाडायचं असतं. गेर्मानने कोपऱ्यातला लांब झाडू उचलला.