आधी नमुना, मग फडकं

सलाईनमध्ये औषध मिसळण्याच्या निर्जंतुक खोलीत नमुने कसे घ्यायचे, हे मी नव्या लोकांना शिकवतो. अकरा वर्षं झाली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. काम पोरखेळाचं आहे. जंतूंचं खाद्य भरलेली बारकी प्लेट टेबलावर अलगद दाबायची, उबेत ठेवायची आणि तीन दिवसांनी ठिपके उगवलेत का ते बघायचं. नियम एकच, आधी नमुना आणि मग पुसणं. पण पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं हे शहाणे नमुन्याआधीच टेबल स्पिरिटने लख्ख करतात. प्लेट कोरी निघते, सगळे खूश. ते औषध कुणाच्या शिरेत जाणार, याची फिकीर कुणाला?

या वेळी चौघे होते. तिघे पदवीधर आणि चौथी माझी भाची. बहिणीचं घर या पोरीच्या एकटीच्या पगारावर चालतं आणि या शिकवणीत नापास झाली की नोकरी गेली. नियम ऐकून चौघांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. रोज काम संपल्यावर एकाची पाळी असे. तिन्ही पदवीधरांनी आत जाऊन आधी फडकं उचललं, खोलीच्या काचेबाहेरून मी बघत होतो. भाचीने फडक्याला हात लावला नाही. तिच्या प्लेटमध्ये सात ठिपके उगवले.

आमचा साहेब म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. आत पाऊल न टाकता त्याने ठरवून टाकलं की पोरीचे हातच घाण. टेबल अस्वच्छ असतं तर बाकीच्या प्लेटा कोऱ्या कशा, असं त्याने मला विचारलं. खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते दिलं असतं तर अकरा वर्षांच्या कोऱ्या प्लेटांचा जाब मलाच द्यावा लागला असता, कारण प्रत्येकीच्या कागदावर माझी सही आहे. बघावं लागेल, एवढंच मी म्हणालो.

"मग तुम्हीच घ्या नमुना," साहेब म्हणाला. "ठिपके आले तर दोष टेबलाचा, नाहीतर पोरीचा."

संध्याकाळी काम संपल्यावर झगा, टोपी, हातमोजे चढवून मी आत गेलो. ज्यांना मी मूर्ख म्हणतो त्यांना निदान आपण काय करतोय ते कळत नाही. मला कळत होतं. मी टेबल पुसलं, कोपऱ्यांसकट, आणि मग प्लेट दाबली.

तीन दिवसांनी ती कोरी निघाली. भाचीचं ओळखपत्र परत घ्यायचं काम साहेबाने माझ्यावरच टाकलं. तिने ते गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं. रडली नाही की भांडली नाही.

"मामा, त्या संध्याकाळी मी काचेपलीकडेच उभी होते," ती म्हणाली. "आता आईला काय सांगू, तेवढं शिकवा."