गोठ्यातली विलायती गाडी

कडूबाने आयुष्यात कुणालाच 'नाही' म्हटलं नव्हतं. तो 'पाहू' म्हणायचा. पोराने शेडनेट टाकू म्हटलं, पाहू. सुनेने शिलाईचं दुकान काढते म्हटलं, तर जेवताजेवता दोनदा पाहू. डोणगावच्या त्याच्या घरात या एका शब्दाखाली इतक्या गोष्टी गाडल्या गेल्या होत्या की वर एखादं लिंबाचं झाड लावलं असतं तर चांगलं पोसलं असतं.

त्याचा मुलगा भागवत पंचेचाळिशीला आला होता, केसांना कलप लावत होता, आणि अजून बापाच्या मुठीत होता. ट्रॅक्टर बापाने निवडला, पिकअप बापाने निवडली, बायकोही बापानेच निवडली. त्यातली बायको तेवढी चांगली निघाली, पण त्याचं श्रेय बापाला देण्याइतकं भागवतचं मन मोठं नव्हतं.

मिरचीची रोपं आणायला तो देऊळगाव राजाकडे गेला आणि रोपवाटिकेशेजारच्या गोठ्यात त्याला ती दिसली. लाल, म्हणजे एके काळी लाल. दोन सीटची, बिनटपाची, जमिनीला पोट टेकायच्या बेतात असलेली विलायती गाडी. शर्यतीची असावी. गोठा शालूबाईचा. तिचा दीर मुंबईला गॅरेजात कामाला होता. मालकाने बक्षीस म्हणून ही गाडी त्याच्या गळ्यात मारली, त्याने ती वहिनीच्या गळ्यात मारली आणि स्वतः सुरतेला निघून गेला. तेव्हापासून तिच्यात कोंबड्या राहत होत्या. शालूबाई ती एका बऱ्या म्हशीच्या भावात द्यायला तयार होती.

भागवतचा जीव जडला. ही एक वस्तू आपण आपल्या मनाने घ्यायची, बापाला विचारायचं नाही, फक्त सांगायचं, असं त्याने ठरवलं. सांगितलं, आणि सवयीने शेवटी "घेऊ का?" असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पाहू," कडूबा म्हणाला. मग काय मनात आलं कोण जाणे, "चाल, पाहूनच येऊ," म्हणाला.

भागवतची बायको पूनमही पिकअपमध्ये चढली. "तू कायले येतं?" भागवतने विचारलं.

"मामाजी कसे नाई म्हणतात ते पाहाले. घरी बसून तेच तेच आयकून कान किटले."

शालूबाईने ताडपत्री ओढली. चार कोंबड्या बाहेर आल्या आणि आपलं घर विकायला निघालेल्या बाईकडे रागाने पाहत बाजूला झाल्या. कडूबाने गाडीभोवती फेरी मारली. काठीने पत्र्यावर टकटक केलं. पत्र्याचा एक तुकडा खाली पडला.

"हे गंजावरच उभी हाय बे," तो म्हणाला. "गंज काढला तं गाडी पडीन."

"इंजिन चांगलं हाय म्हणे," भागवत म्हणाला.

"कोण म्हणे? कोंबड्या?" कडूबाने आत डोकावलं. तळाच्या पत्र्यातून खालचं शेण दिसत होतं. "म्हैस दूध देते. मेली तरी कातडं देते. हे काय देईन? धनुर्वात?"

पूनम पदर तोंडाला लावून हसली. भागवतचे कान तापले. बाप खरं बोलत होता, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग येत होता.

"आन् याच्यात माणसानं बसावं कसं?" कडूबा आता रंगात आला होता. "थांब, बसता येत नाई हे तुले बसूनच दाखवतो." त्याने दार उघडलं, आत पाय घातला आणि धपकन इतका खाली गेला की बाहेरून नुसती टोपी दिसू लागली. मग उठायला गेला, तर गुडघे वर आणि बूड खाली. भागवतने एक हात ओढला, पूनमने दुसरा. कडूबा निघेना.

"इथी जागा नाई ओढाले," शालूबाई म्हणाली. "गाडी आंगनात घ्या, तिथी काढू दादाले."

तिघांनी मागून जोर लावला. गाडी आधी करकरली, मग हलली, मग गोठ्याच्या उंबऱ्यावरून सुटली. अंगणाला उतार होता हे शालूबाईला माहीत होतं, पण तिला तसं कुणी विचारलं नव्हतं. आणि ब्रेकचं तर कुणालाच सुचलं नव्हतं.

"अवो माय!" पूनम ओरडली.

गाडी कडूबाला घेऊन अंगणातून निघाली. मध्ये एक कोंबडी उभी होती, गाडी तिला वळसा घालून गेली, कडब्याची गंजी चुकवून गेली आणि शेवटी उकिरड्यात नाक खुपसून थांबली. भागवत जिवाच्या आकांताने पळाला. पळताना त्याच्या मनात आधी गाडी आली आणि मग बाप, हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

कडूबा स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. टोपी कुठे तरी उडाली होती, डोळे लकाकत होते.

"लागलं का बाबा?"

"वळते बे!" कडूबा म्हणाला. "कोंबडी वाचवली म्या! बैलसुदा इतकं आयकत नाई." त्याने स्टीअरिंगवरून हात फिरवला. "घेऊ हे."

पूनमला वाटलं सासऱ्याच्या डोक्याला मार बसला. पण कडूबा तिथूनच, उकिरड्यातून, कामाला लागला. "बाई, भाव कमी करा, चाक वाकडं हाय. भागवत, घरी निळा रंग उरला हाय ट्रॅक्टरचा, तोच मारू. मी चालवत जाईन मेहकरच्या बाजाराले. तू मांगून पिकअप घेऊन येत जाय, बंद पडली तं ओढाले."

भागवतने खूश व्हायला हवं होतं. गाडी घरी येणार होती. पण ती बापाची होऊन येणार होती, निळी होऊन येणार होती, आणि तो मागून दोर घेऊन जाणार होता. त्याला संताप आला.

"मावशी," तो शालूबाईला म्हणाला, "सौदा माह्याशी करा. गाडी मी घेतली. तुमी म्हटलं त्या भावात." मग तो बापाकडे वळला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "आन् रंग लालच राहीन. बाबा, तिकडच्या सीटवर सरका."

कडूबाने पोराकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून कोंबड्या मोजत होती.

"सरकतो ना," तो शेवटी म्हणाला. "वरडतं कायले?"

सरकणं सोपं नव्हतं. गिअरच्या दांड्यात धोतर अडकलं, ते भागवतने सोडवलं, पूनमने मागून रेटा दिला, आणि कडूबा पलीकडच्या सीटवर जाऊन पडला. भागवत मोकळ्या जागेवर बसला. समोर उकिरडा होता, वर ऊन होतं आणि गाडी जागची हलण्यातली नव्हती. त्याने ऐटीत पाठ टेकली आणि हॉर्न दाबला. वाजला नाही. पुन्हा दाबला.

"तोंडानं वाजव," बाप म्हणाला.

भागवतने इकडे तिकडे पाहिलं आणि जोरात वाजवला.